‘मी कोण?’ हे कामातून कसं तपासावं: मराठवाड्यातल्या कलावंतांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कविता-कथा लिहिणारे, चित्रं काढणारे, मागावर बसणारे, गोंधळ-भारुड-नाटक करणारे, फोटो किंवा लघुपट करणारे अशा सगळ्यांसाठी हे प्रश्न आहेत. काही पद्धती एका माध्यमाला जास्त लागू पडतात, तिथं तसं सांगितलं आहे. सगळं एकदम करू नका. पहिल्या तीन उत्तरांपासून सुरुवात करा आणि पुढचं गरज पडेल तसं वाचा.

आत्मपरीक्षण म्हणजे नेमकं करायचं काय? डोळे मिटून बसायचं का?

बसायचं तर बसा, पण त्यातून बहुतेक वेळा तयार उत्तरंच वर येतात: ‘मी संवेदनशील आहे’, ‘मला माणसांत रस आहे’, ‘मातीशी माझी नाळ आहे’. ही वाक्यं कुणालाही लागू पडतात, म्हणून तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. कलावंताचा पुरावा त्याच्या कामात असतो. कोणता विषय उचलला, कोणता टाळला, कुठं थांबलात, काय खोडलंत, कुणासाठी केलंत या सगळ्या निवडी कागदावर, कापडावर, ध्वनिमुद्रणात शिल्लक राहतात. त्या मोजायच्या. मन काय म्हणतं हे त्यानंतर विचारायचं, कारण मोजलेलं समोर असलं की मनाला फार थापा मारता येत नाहीत.

सुरुवात कशी करायची?

कामाची मांडणी करून. वर्षातून एकदा केली तरी पुरे. सुट्टीचा दिवस आणि सलग तीन तास ठेवा.

मागच्या तीन वर्षांतलं काम काढा, २० ते ३० नग. लेखकांनी प्रत्येक रचनेचं फक्त पहिलं पान छापून घ्यावं. गायकांनी आणि नटांनी प्रत्येक कार्यक्रमाची किंवा भूमिकेची एकेक चिठ्ठी करावी: कुठं, कुणी बोलावलं, काय केलं. विणकरांनी पदराचे आणि काठाचे फोटो छापावेत. यातले किमान एक तृतीयांश नग अर्धवट सोडलेले, नाकारलेले किंवा कुणाला न दाखवलेले असले पाहिजेत. या पद्धतीत सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. चांगलं तेवढंच मांडलं की ते प्रदर्शन होतं, तपासणी होत नाही.

फरशीवर तारखेच्या क्रमानं ओळीत लावा. पंखा बंद ठेवा, नाहीतर अर्धा वेळ कागद धरण्यात जाईल. मग चार रंगांच्या टिकल्यांची पाकिटं घ्या. कुणी न सांगता आपणहून उचललेल्या विषयाला लाल टिकली. विशेषांक, स्पर्धा, गिऱ्हाईक, संयोजक यांच्या मागणीवरून केलेल्या कामाला हिरवी. करताना वेळेचं भान सुटलं होतं त्याला पिवळी. ज्यात दुसऱ्याचा हात स्पष्ट दिसतो त्याला काळी. एका नगावर एकाहून अधिक टिकल्या चालतात. शंका आली तर लावू नका.

नंतर वहीत पाच निरीक्षणं लिहा. प्रत्येक निरीक्षण आकड्यानं सुरू झालं पाहिजे: ‘२४ पैकी १५ कवितांत दुष्काळ आहे’, ‘त्या १५ पैकी १३ ना हिरवी टिकली आहे’, ‘२४ मध्ये एकदाही घरातलं स्वयंपाकघर आलं नाही’. शेवटचं निरीक्षण जे नाही त्याबद्दलचं असू द्या. त्या दिवशी अर्थ लावू नका. फोटो काढून ठेवा, कागद आवरा आणि आठवड्यानं पाचही वाक्यं वाचा. तेव्हा ज्याचा राग येईल किंवा जे खोडावंसं वाटेल, त्यावर एक पान लिहा.

मांडणी चालू असताना घरच्या कुणाला जवळ बसवू नका. ‘हे छान होतं की’ एवढं एक वाक्य आलं तरी मोजणं थांबतं.

रोजची वही ठेवावी का? त्यात काय लिहायचं?

ठेवावी, पण ती दिनचर्येची डायरी नको. काम संपल्यावर दहा मिनिटांत तीनच नोंदी करा:

१. कुठं थांबलो आणि का (कंटाळा, पाहुणे, ओळ अडली, धागा संपला).
२. आज काय टाळलं.
३. उद्या बसल्याबरोबर पहिली कृती कोणती.

तिसरी नोंद जितकी ठोस तितकी कामाची. ‘कथा पुढं न्यायची’ ही नोंद निकामी. ‘म्हातारीला एस.टी.तून उतरवायचं, ती पिशवी विसरते’ ही नोंद उपयोगी, कारण दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर हात चालू होतो.

ओळखीचा शोध मात्र दुसऱ्या नोंदीतून लागतो. महिनाअखेरीस नुसत्या ‘काय टाळलं’च्या ओळी सलग वाचून काढा. एकच गोष्ट आठ-दहा वेळा आली असेल (वडिलांचा प्रसंग, चेहऱ्यातले डोळे, वरचा षड्ज, पैशाचा उल्लेख) तर तुमचं पुढचं काम बहुतेक तिथंच दडलेलं आहे. ते लगेच केलंच पाहिजे असं नाही. माहीत असलं तरी पुरतं.

वही साधी, शाळेची घ्या. महागडी घेतली की अक्षर नीट येतं आणि खरं कमी येतं. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण स्वतःलाच व्हॉट्सअॅप करत बसू नका. दूधवाल्याचा हिशोब आणि तुमची नोंद एकाच ओळीत येतात, महिन्यानं काही सापडत नाही. आणखी एक धोका म्हणजे वही तक्रारींचं रजिस्टर होणं. सलग पाच दिवस संपादकांबद्दल किंवा संयोजकांबद्दलच लिहिलं गेलं असेल, तर ती पानं पिनेनं बंद करा आणि पुन्हा तीन नोंदींवर या.

माझं काम दुसऱ्या कुणासारखं वाटतं, असं लोक म्हणतात. काय करू?

आधी उसनवारीचा हिशोब मांडा. आठ-दहा नावं लिहा आणि प्रत्येकासमोर नेमकं काय घेतलं ते लिहा. ‘शैली’ असं लिहू नका. ओळीची लांबी, दोन रंगांची जोडी, तानेआधीचा विराम, संवादानंतर येणारं एकशब्दी वाक्य, असं लिहा. पुढं घेतल्याचं साल आणि ‘अजून लागतं का?’ याचं हो किंवा नाही. बहुतेकांच्या यादीत दोन-तीन गोष्टी निघतात ज्यांची गरज कधीच संपली आहे, सवय तेवढी राहिली आहे. त्या एकेक करून सहा आठवडे बंद ठेवून बघा. दोन गोष्टी एकदम सोडल्या तर कशामुळं काय बदललं ते कळत नाही.

चित्रकारांसाठी आणखी एक प्रयोग आहे आणि त्यासाठी वेरूळसारखी जागा शोधून मिळणार नाही. ३४ लेण्यांपैकी कोणत्याही एका लेण्यातली एकच मूर्ती निवडा. कैलास लेण्याच्या, म्हणजे १६ क्रमांकाच्या गर्दीत पहिल्यांदा जाऊ नका, कारण तिथं निवड करण्यातच दिवस जातो. त्याच मूर्तीची पाच रेखाटनं काढा, प्रत्येकी बारा मिनिटं, प्रत्येक वेळी पान उलटून, आधीचं न बघता. घरी येऊन पाचही शेजारी ठेवा. ज्या चुका एकदाच झाल्या त्या घाईच्या. जी चूक पाचही रेखाटनांत आहे (मान लांब होते, वजन डाव्या पायावर जातं, हात लहान येतात) ती तुमच्या हाताची खूण. ती लगेच सुधारू नका, आधी ओळखून ठेवा. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. अजिंठ्याच्या चित्रांजवळ प्रकाश मंद असतो आणि फ्लॅश चालत नाही, त्यामुळं रेखाटनाच्या सरावाला वेरूळची शिल्पंच सोयीची.

लेखकांनी हाच प्रयोग एका आठवणीवर करावा. एकच प्रसंग पाच वेगवेगळ्या दिवशी, मागचं न वाचता, पंधरा ओळींत लिहायचा. पाचही वेळा जी वस्तू येते आणि पाचही वेळा जो माणूस गळतो, त्या दोघांखाली रेघ मारा.

प्रमाण मराठीत लिहू की आमच्याकडच्या बोलीत?

याचं उत्तर निष्ठेच्या गप्पांतून मिळत नाही, कानातून मिळतं. आपल्या कामाबद्दल ओळखीच्या माणसाशी वीस मिनिटं बोला आणि मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करा. त्यातली मधली पाच मिनिटं जशीच्या तशी उतरवून काढा, ‘म्हंजी’ला ‘म्हणजे’ न करता. आता शेजारी तुमच्या लिखाणाचं एक पान ठेवा. बोलण्यातलं वाक्य किती शब्दांचं आहे, लिहिण्यातलं किती, बोलताना क्रियापद कुठं येतं हे बघा. फरक शब्दांपेक्षा वाक्याच्या चालीत जास्त असतो. नुसते ‘लई’ आणि ‘कामून’ पेरून बोली येत नाही.

मराठवाडी बोली एकच नाही, हेही लक्षात ठेवा. हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला राज्यकारभार उर्दूत चालायचा. त्यामुळं ‘दस्ती’सारखे (हातरुमाल) शब्द घरात सहज आहेत. देगलूर-बिलोलीकडं तेलुगूची सावली पडते, उदगीर-निलंगा-उमरग्याकडं कन्नडची, संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनीची. नांदेडच्या माणसानं बीडच्या कथाकाराचे शब्द उचलले तर ते त्याच्या तोंडी उसनेच वाटतात. नियम सोपा आहे: जो शब्द तुम्ही रागात किंवा झोपेतून उठल्यावर वापरता, तो तुमचा.

यात एक तपासणी मुद्दाम करा, कारण ती टोचते. तुमच्या कथांत बोली कुणाच्या तोंडी आहे? निवेदक प्रमाण भाषेत आणि बोली फक्त गरिबांच्या, म्हाताऱ्यांच्या, हसवणाऱ्यांच्या तोंडी, असं दहापैकी आठ ठिकाणी निघालं तर लिहिताना तुम्ही आपल्याच माणसांकडं बाहेरून बघता आहात. मास्तरला, वकिलाला, प्रेमात पडलेल्या मुलीला बोलीत बोलू द्या, निवेदकालाही एखाद्या परिच्छेदापुरतं बोलू द्या. काही लेखकांना हे करून बघितल्यावर कळतं की त्यांचा खरा निवेदक प्रमाण भाषेतलाच आहे. तेही उत्तर प्रामाणिक आहे.

व्यवहाराचा मुद्दा लेखनाच्या एकसारखेपणाचा. एकाच पानावर ‘जवारी’, ‘ज्वारी’ आणि ‘जवारि’ आले की मुद्रितशोधक सगळं प्रमाण करून टाकतो आणि दोष त्याला देता येत नाही. बोलीतल्या प्रत्येक शब्दाचं एकच रूप ठरवा, अकारविल्हे शब्दवही करा आणि संहितेसोबत तिची प्रत पाठवा.

दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यावर लिहिलं तरच मी मराठवाड्याचा लेखक ठरतो का?

तसं मागणारे लोक आहेत आणि ते वाईट हेतूनंच मागतात असं नाही. १९७२ चा दुष्काळ आणि २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे हे खरंच घडलेलं आहे. पण मागणीवरून लिहिता लिहिता तो विषय गणवेश होऊन बसतो. स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे कुणी छापणार नाही असं कळलं तरी लिहीन का? यातला एक तरी तपशील बातमीत न येणारा आहे का? यातला माणूस दुःखाखेरीज आणखी काही करतो का, भांडतो, पोरीला शिट्टी मारतो, क्रिकेट बघतो? तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर थांबा.

जालन्याचे लोखंडाचे कारखाने, वाळूजच्या रात्रपाळ्या, लातूरच्या शिकवण्यांसाठी भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं, ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या गाड्या, येळवसेला (वेळा अमावास्येला) शेतात मांडलेली भज्जी-आंबील हाही मराठवाडाच आहे. आमच्या मते सध्या सगळ्यात कमी लिहिलं जातं ते इथल्या सुखवस्तू घरांबद्दल. कोचिंग, प्लॉटिंग, बियाणं, राजकारण यातून गेल्या तीस वर्षांत आलेला पैसा साहित्यात फारसा दिसत नाही.

दलित लेखक, मुस्लिम कवी, ग्रामीण कथाकार, स्त्री चित्रकार... हे शिक्के स्वीकारू की नाकारू?

शिक्का कोण मारतं आणि कशासाठी, ते आधी बघा. आपण होऊन घेतलेली ओळख आणि कार्यक्रमपत्रिकेत चिकटवलेली ओळख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं, ते पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. याच शहरातून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं. तिथं ‘दलित’ हा शब्द लिहिणाऱ्यांनी स्वतः उचलला होता, आपलं मोजमाप आपण ठरवायचं म्हणून. संयोजक जेव्हा ‘महिला प्रतिनिधी हव्यात’ म्हणून फोन करतात, तेव्हा तो शब्द दुसरंच काम करत असतो.

वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडं: या शब्दानं मला काय दिलं (वाचक, सोबती, विषय, धीर). उजवीकडं: या शब्दामुळं मला काय विचारलं जात नाही. उजव्या बाजूला बहुतेकदा सारखंच निघतं: तंत्राबद्दल कुणी विचारत नाही, अनुभवाबद्दलच विचारतात. मुलाखतीत ‘तुम्ही सोसलंत ते सांगा’ असं आलं तर एक वाक्य त्यावर बोलून दुसरं वाक्य आपल्या रचनेकडं वळवायचं, हा सराव आरशासमोर करता येतो. शिक्का दर वेळी नाकारलाच पाहिजे असं नाही. आज घेतला, उद्या सोडला, तरी चालतं.

टोपणनाव घ्यावं का? अडचणी काय येतात?

मराठवाड्यात नावाचा हा खेळ जुना आहे. नरसीचे नामदेव ‘नामा म्हणे’ लिहितात. गंगाखेडची जनाबाई कधी ‘जनी म्हणे’ तर कधी ‘नामयाची जनी’ होते, म्हणजे एकाच कवयित्रीच्या दोन मुद्रा, एक स्वतःच्या बळावर आणि एक नात्यातून. पैठणचे एकनाथ आपल्या नावाला गुरू जोडून ‘एका जनार्दनी’ करतात. उर्दूत वली आणि सिराज हे दोघे औरंगाबादी कवी आपल्या तखल्लुसनंच (कवितेत घेतलेल्या नावानंच) ओळखले गेले. त्यामुळं टोपणनाव म्हणजे पळवाट असं समजायचं कारण नाही. कोणत्या नावानं लिहिताना हात मोकळा होतो, ते दोन्ही नावांनी प्रत्येकी तीन रचना लिहून बघा.

व्यवहारात हे सांभाळा. मानधन बँक खात्यावरच्या नावानंच येतं, म्हणून संपादकाला पाठवताना ‘छापायचं नाव’ आणि ‘बँकेतलं नाव’ अशा दोन स्वतंत्र ओळी द्या. करारात दोन्ही नावं घाला. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार (१९५७) हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण टोपणनावाच्या प्रकाशित साहित्याचा हक्क पहिल्या प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं मोजला जातो आणि लेखकाची ओळख त्या मुदतीत जाहीर झाली तर मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून खरं नाव कुणाजवळ तरी लेखी असलेलं बरं. ‘हे माझं आहे’ असं म्हणण्याचा हक्क कलम ५७ देतं, तोही टोपणनावामुळं जात नाही.

गावात आधीच त्या नावाचा कुणी लिहिता माणूस आहे का, तेवढं विचारून घ्या. पुढं त्याच्या लिखाणाची उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

मी पैठणी विणतो. नक्षी पिढ्यांची, भौगोलिक मानांकन सगळ्यांचं. यात माझं काय?

मानांकन कलेचं आणि प्रदेशाचं नाव राखतं, ते एकट्या विणकराला मालकी देत नाही. हे बरोबरच आहे. तुमची खूण नक्षीच्या नावात (बांगडी मोर, मुनिया, असावली, कमळ) शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण ती सगळ्यांची आहे. ती ठरवण्याच्या जागांत शोधा. ताण्याला (उभ्या धाग्यांना) कोणता रंग आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) कोणता, म्हणजे धूपछाव किती तीव्र? मोराच्या मानेला वळण देताना किती कांड्या बदलता? दोन बुट्ट्यांमधलं अंतर किती ठेवता? चूक झाली तर उसवता की पुढच्या ओळीत सांभाळून घेता?

नमुना वही ठेवा. प्रत्येक साडीला एक पान, त्यावर ताणा-बाणा दोन्हीचे बोटभर धागे टाचणीनं, पदराचा फोटो, लागलेले दिवस, आणि गिऱ्हाईकानं सांगितलेलं कोणतं व तुमच्या मनचं कोणतं याची एक ओळ. धागा चिकटटेपनं लावू नका, रेशीम पिवळं पडतं. दहा-बारा पानं झाली की रंगजोड्या सलग बघा. हिमरू विणणाऱ्यांना, बंजारा भरतकाम करणाऱ्या बायांना, कुंभारांनाही हीच वही चालते, फक्त धाग्याच्या जागी आरसा-टाक्याचा नमुना किंवा मातीची टिकली.

गोंधळ, भारूड करणाऱ्यांनी तेच आख्यान तीन वेगवेगळ्या गावांत ध्वनिमुद्रित करावं. कथेत ठरलेलं काय आणि त्या रात्री तुम्ही घातलेलं काय, ते वेगळं काढावं. घातलेल्या जागा म्हणजे तुम्ही.

मी शिक्षक आहे, शेतीही आहे. वेळ उरला तर लिहितो. मला कलावंत म्हणता येईल का?

येईल. नियमितपणा बघा, तास मोजू नका. आठवड्यात ठरवून तीन बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं, एवढं वर्षभर टिकलं तर पुष्कळ आहे. पेरणी-काढणीचे आठवडे आणि परीक्षांचे दिवस आधीच सुट्टी म्हणून कॅलेंडरवर मारून ठेवा, नाहीतर दर वर्षी त्याच दिवसांत स्वतःला दोष देत बसाल.

मी आधी गझल लिहायचो, आता कथा लिहितो, मध्ये चित्रंही काढली. म्हणजे मला ओळखच नाही का?

एकनाथांचंच बघा. भागवताच्या अकराव्या स्कंधावर विस्तृत टीका, ज्ञानेश्वरीच्या पाठाचं शुद्धीकरण आणि बाजारात उभं राहून म्हणावीत अशी भारुडं, हे सगळं एकाच माणसाचं. भारुडांत ते जोशी होतात, विंचू चावलेला माणूस होतात, तरी आवाज ओळखू येतो. माध्यम बदललं म्हणून घाबरू नका. मांडणी करताना तिन्ही माध्यमांतलं काम एकाच ओळीत लावा आणि काय टिकलं ते शोधा. बऱ्याचदा विषय टिकत नाही, अंतर टिकतं: तुम्ही नेहमी दारातून बघता, की आत जाऊन, की छतावरून.

परिचय आणि कलानिवेदन कसं लिहायचं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिचय ६० शब्दांचा, तृतीय पुरुषात: नाव, गाव, माध्यम, दोन कामं, सध्या काय चालू आहे. पुरस्कारांची यादी मागितली तरच द्या. निवेदन १५० शब्दांचं, प्रथम पुरुषात, आणि त्यात तीनच गोष्टी: काय वापरतो, काय करतो, कोणता प्रश्न सुटत नाही.

पहिला खर्डा बोलून करा, लिहून नाही. मग त्यातून हे शब्द काढा: नाळ, अस्सल, जाणीव, अभिव्यक्ती, वेध, मातीचा गंध, शोधयात्रा. काढल्यावर वाक्य पडलं तर ते वाक्यच पोकळ होतं. ‘माझी चित्रं ग्रामीण जीवनाच्या वेदनेचा वेध घेतात’ हे पडेल. ‘मी बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंती चुना आणि काजळीनं रंगवतो, त्यावरची जुनी अक्षरं ठेवायची की झाकायची हे मला दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं’ हे उभं राहील. दर वर्षी नव्यानं लिहा, जुनं फेकू नका.

मत कुणाला विचारावं?

तिघांना: त्याच माध्यमातला एक, वेगळ्या माध्यमातला एक, आणि कलेशी संबंध नसलेला पण वाचणारा-बघणारा एक. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘मस्त’ येतं. त्याऐवजी विचारा: कुठं लक्ष उडालं? दुसऱ्या दिवशी काय आठवलं? माझं नाव झाकलं तर हे कुणाचं वाटलं असतं? ते उत्तर देत असताना मध्ये बोलू नका. स्पष्टीकरण द्यावंसं वाटलं तर ते कामातच राहून गेलं आहे असं समजा.

फेसबुकवरच्या पसंत्या या तिघांत मोजू नका. नवं काम सहा आठवडे कुठंही न टाकता ठेवून बघा. त्या काळात करायची इच्छाच गेली, तर काम कुणासाठी चाललं होतं ते कळेल.

हे सगळं करताना मी स्वतःतच अडकत चाललो आहे असं वाटतं.

वाटणं बरोबर असू शकतं. खूण अशी: वहीत नवीन तपशील येणं थांबतं आणि तेच वाक्य शब्द बदलून फिरत राहतं. अशा वेळी वही महिनाभर बंद करा आणि हातानं करायचं काम घ्या: दुसऱ्याची संहिता टंकणं, कॅनव्हास ताणणं, कांड्या भरणं. तपासणीला नेहमी वेळेची मर्यादा ठेवा, रात्री दहानंतर ती करूच नका.

झोप, भूक, रोजचं काम दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर हा प्रश्न वहीचा नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. कलावंतानं सोसलंच पाहिजे असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा.

वह्या घरच्यांनी वाचल्या तर? आणि किती वर्षं ठेवायच्या?

वाचल्या जातील असं धरून चाला. माणसांची पूर्ण नावं लिहू नका, आद्याक्षर किंवा खूण वापरा. ज्या पानांनी कुणाला इजा होईल, त्यातलं निरीक्षण दुसऱ्या वहीत उतरवून घ्या, मग ती पानं फाडली तरी चालतात. बाकीच्या पाच वर्षं तरी ठेवा, कारण तेच टाळणं पुन्हा आलं आहे का हे तपासायला तेवढा काळ लागतो. आपल्याकडं खरा शत्रू वाळवी आहे. भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका, पत्र्याची पेटी विटांवर उचलून ठेवा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि तो पावसाळ्याआधी व नंतर बदला. ओला पाला घातला तर बुरशी येते. दर दिवाळीच्या साफसफाईत पानांचे फोटो काढून वर्षाच्या नावानं एका फोल्डरमध्ये टाका आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर दुसऱ्या घरी ठेवा.